सदतीस नंबरची दोर्त्ये

डेल्फझाइल, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय योरिट,

तुझा पत्ता मला मिळाला नाही. शाळेत फोन उचलणाऱ्या बाई म्हणाल्या, शिक्षकांचे पत्ते आम्ही देत नसतो, पण शाळेच्या नावाने पत्र टाका, मी त्यांच्या खणात ठेवीन. मग राहवलं नाही म्हणून विचारलंच त्यांनी, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "आम्ही चार वर्षं एकाच सिंकमध्ये कॉफीचे कप धुतले." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. म्हणजे हे पत्र आता मिडलबर्गच्या कुठल्याशा शाळेत, मुलांकडून जप्त केलेल्या फोनांच्या शेजारी पडलेलं असणार.

मी रिन्स्के. रिन्स्के वियर्डा, सशांची रिन्स्के. चौतीस वर्षांनी लिहिते आहे आणि लिहायला कारण लागतं म्हणून एक कारण शोधून ठेवलंय. विद्यापीठातली आपली जुनी प्रयोगशाळेची इमारत पाडताहेत. हल्ली नोर एल्झिंगा नावाची बाई आपल्या विभागाची प्रमुख आहे, तुझ्या वेळी ती दुसरी-तिसरीत असेल. तिने आम्हा सगळ्या निवृत्त लोकांना पत्र पाठवलं: गोठवणीच्या कपाटांतले आपापले डबे ओळखायला या, ज्याला वाली नाही ते कचऱ्यात जाईल. मी गेले. हातमोजे घालून बर्फ खरवडत बसले. आणि अगदी तळाच्या खणात, मागच्या बाजूला, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेली रक्ताची एक नळी सापडली. चिठ्ठीवर लिहिलंय: "३७, जुलै ८९, ई-कॅडहेरिन."

सदतीस म्हणजे आपली दोर्त्ये. आठवते का? कागदावर सशांना आकडे होते, पण मी त्यांना माझ्या मावश्यांची नावं द्यायची. सदतीस ती दोर्त्ये आणि अडतीस ती ट्रुस. एकदा प्रयोगशाळा लोकांना बघायला खुली होती त्या दिवशी खरी दोर्त्ये मावशी आली आणि तू तिच्यासमोरच मला म्हणालास, "दोर्त्येच्या कानातून आज वीस मिलिलिटर रक्त काढलं, बरंच निघालं." मावशी त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

त्याच दिवशी तू पाहुण्यांना समजावून सांगत होतास ते मला अजून पाठ आहे. पेशी एकमेकींचा हात धरून उभ्या असतात. तो हात म्हणजे हे प्रोटीन, चिठ्ठीवरचं ई-कॅडहेरिन. हात सुटला की पेशी भटकायला लागते, आणि कॅन्सर पसरतो तो असा. मग हात आहे की नाही हे बघायचं कसं? ते प्रोटीन सशाला टोचायचं. सशाच्या रक्तात त्याला नेमकं हुडकून चिकटणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. त्या काचपट्टीवरच्या गाठीच्या तुकड्यावर सोडायच्या. हात असेल तिथे तपकिरी रेघ उमटते. "आणि हे सगळं शोधतंय कोण?" तू विचारायचास आणि स्वतःच उत्तर द्यायचास, "या बाईंचा ससा." सगळे माझ्याकडे बघायचे. तेव्हा लाजल्याचं नाटक करायची मी, पण घरी जाताना वारा समोरून असला तरी सायकल हलकी लागायची.

दहाची कॉफी अजून दहालाच होते. बिस्किट अजून एकच मिळतं, आणि लगेच डब्याचं झाकण लागतं. तू दोन घ्यायचास. तुझे मार्गदर्शक ओस्टिंग प्रोफेसर त्या दुसऱ्या बिस्किटाकडे असे बघायचे की जणू त्यांच्या आजीचं कपाट फोडलंस. आता ते नाहीत. त्यांच्या दफनाला मी गेले होते. तू दिसला नाहीस.

तर नळी सापडली, एवढंच कळवायचं होतं.

तुझी,
रिन्स्के


डेल्फझाइल, ३ मार्च २०२४

प्रिय योरिट,

उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती, तरी रोज पत्रपेटी दोनदा उघडते. हार्म असता तर म्हणाला असता, "आणखी एकदा उघड, पोस्टमन आत लपून बसला असेल." हार्म जाऊन, मी विधवा होऊन, सहा वर्षं झाली. तुझ्याबद्दल तो शेवटपर्यंत विचारायचा: "तो बटाटे खाणारा मुलगा कुठे असतो?" तेहतीस वर्षांचा घोडा होतास तू तेव्हा, पण त्याच्या लेखी मुलगाच.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. नळी सापडली नाही. ती तिथे मीच ठेवली होती, आणि ती तिथे आहे हे मला चौतीस वर्षं माहीत होतं. कपाट बिघडलं की ती नव्या कपाटात हलवायची. तीनदा हलवली. निवृत्तीच्या आदल्या दिवशी शेवटची, तळाशी, मागे. फेकवत नव्हती आणि तुला देता येत नव्हती.

आता सोमवारच्या त्या बैठकीबद्दल लिहायला हवं. मार्च १९९०. तुझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण. दोर्त्येच्या जुलैमधल्या रक्ताने तू एक्केचाळीस काचपट्ट्या केल्या होत्यास आणि त्यात तुला दिसलं होतं की स्तनाच्या एका जातीच्या गाठीत रेघ उमटतच नाही. शेजारच्या निरोगी पेशींत उमटते, गाठीत नाही. हात गायब. तू जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत खाली सशांच्या खोलीत आलास, मला हाताला धरून वर नेलंस आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलंस. पहिल्यांदा मला दाखवलंस, ओस्टिंगांना नंतर. ते मी विसरलेले नाही.

मग ओस्टिंग म्हणाले, छापण्याआधी नव्या रक्तावर पुन्हा करा. तुझ्याकडचं जुनं तोवर संपलं होतं. तू ऑक्टोबरच्या नळ्या घेतल्यास, सदतीस नंबरच्याच. आणि सगळ्या पट्ट्या तपकिरी निघाल्या. गाठीही तपकिरी, निरोगीही तपकिरी, कडेची चरबीसुद्धा तपकिरी. तू दोनदा केलंस, तीनदा केलंस. त्या सोमवारी ओस्टिंगांनी जुने फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "सुंदर आहेत, योरिट. पण चित्रकलेचा विभाग रस्त्याच्या पलीकडे आहे."

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

तू पाचवं प्रकरण काढून टाकलंस. भांडला नाहीस. सहा वर्षांनी दुसऱ्या कुणी तेच छापलं तेव्हा मी ते वाचनालयात उभ्या उभ्या वाचलं आणि अंक जागेवर ठेवून दिला. तोवर तू शाळेत शिकवायला लागून पाच वर्षं झाली होती.

पुढचं पुढच्या पत्रात. आज जमत नाही.

रिन्स्के


डेल्फझाइल, ७ एप्रिल २०२४

प्रिय योरिट,

महिना गेला. या काळात मी खिडक्या धुतल्या, बागेतलं खोपटं आवरलं, बहिणीकडे तीन दिवस राहून आले. पत्र लिहायचं टाळायला माणूस काय काय करतो. आता लिहितेच.

१९८९च्या ऑक्टोबरमधला तो गुरुवार. कागदावर लिहिलं होतं: ३७ आणि ३८, अखेरचं रक्त. म्हणजे गुंगी द्यायची, सगळं रक्त काढायचं आणि ससा संपवायचा. हे काम मी नऊ वर्षं केलं होतं. कधी हात अडखळला नव्हता. ट्रुसचं झालं. मग दोर्त्येला टेबलावर घेतलं आणि तिने माझ्या बाहीवर हनुवटी घासली. तू हसशील. ससे हनुवटी घासतात ते प्रेमाने नव्हे, खूण करायला, ही वस्तू माझी म्हणून. मला हे पक्कं माहीत आहे. तरी मी सुई खाली ठेवली.

प्राण्यांच्या खोलीचा माणूस दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. मी दोर्त्येला सायकलच्या पिशवीत घातलं, वर रेनकोट टाकला आणि घरी आणलं. हार्म पाठ कामातून गेल्यामुळे जहाजाच्या कारखान्यातून सुटी घेऊन घरीच पडून होता. त्याने पिशवीत डोकावून विचारलं, "ही ताटात जायची की अंगणात?" मी म्हटलं, अंगणात. त्याने पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कण्हत कण्हत खोपटं ठोकायला बसला.

आता नळ्या. दोन सशांच्या नळ्या भरायच्या होत्या आणि रक्त एकाचंच होतं. मी ट्रुसचं रक्त अर्धं अर्धं केलं आणि अर्ध्यावर "३७" लिहिलं. स्वतःला समजावलं: दोघींना टोचणी एकच, बाटली एक, दिवस एक, मग रक्तही सारखंच. योरिट, मी नवशिकी असते तर हे पोरकटपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण दोन सशांचं रक्त कधीही सारखं नसतं हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोर्त्येचं रक्त नेमकं त्या प्रोटीनलाच जाऊन चिकटायचं. ट्रुसचं दिसेल त्याला चिकटायचं, हे पुढे तुझ्या तपकिरी पट्ट्यांनी दाखवलं. तेव्हा ते मी वापरून बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर कळलं असतं.

आणि मार्चमध्ये, तुझ्या पट्ट्या तपकिरी निघत होत्या तेव्हा, माझ्याकडे जुलैची ती एक नळी बाजूला ठेवलेली होती. तुला दिली असती तर एकाच सशाच्या दोन नळ्या दोन गोष्टी सांगताहेत हे कुणाच्याही लक्षात आलं असतं, आणि मग कुणीतरी विचारलं असतं, मग तो ससा गेला कुठे. परवानगीशिवाय प्रयोगातला प्राणी बाहेर नेला म्हणून माझी नोकरी गेली असती. हार्म घरी पडलेला. म्हणून मी तोंड शिवलं.

त्या मे महिन्यात तू जेवायला आला होतास. शतावरीच्या पांढऱ्या कोंबांचे दिवस होते. तू अंगणात जाऊन दोर्त्येला गाजराचा पाला घातलास आणि मी म्हणाले, शेजाऱ्यांनी दिलाय ससा. तू आत आलास आणि आणखी बटाटे मागितलेस. मला वाटलं, सुटले.

सप्टेंबरमध्ये तुझ्या डॉक्टरेटच्या समारंभात काळा कोट घालून तुझ्या डाव्या हाताला उभं राहायचं मी कबूल केलं होतं. रिवाजाप्रमाणे उमेदवाराचे दोन साथीदार: उजवीकडे तुझा भाऊ, डावीकडे मी. आदल्या दिवशी मी फ्लू झाल्याचं कळवलं. फ्लू नव्हता. समोर ओस्टिंग बसणार, ते चार प्रकरणांवर प्रश्न विचारणार, आणि पाचवं का नाही हे माहीत असलेली एकटी मी तुझ्या शेजारी शोभेला उभी राहणार, हे मला झेपलं नसतं.

दोर्त्ये आणखी सहा वर्षं जगली. तुला हे सांगू नये असं वाटतं, पण ती फार सुखात जगली.

रिन्स्के


डेल्फझाइल, १२ मे २०२४

प्रिय योरिट,

सोबत एका काचपट्टीचा फोटो आहे. आधी तो बघ, मग पुढे वाच.

मी नोरला सगळं सांगितलं. तिच्या खोलीत बसून, कोट न काढता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची शिक्षा भोगायची तयारी दिसतेय, पण मला जरा वेगळं सुचतंय. रुग्णालयाच्या संग्रहात गाठींचे ते जुने तुकडे मेणात बसवलेले आहेत, यादीही आहे. नळी द्या." मी म्हटलं, चौतीस वर्षांचं रक्त आहे, त्यात काय उरलं असेल? ती म्हणाली, "बघायला काय हरकत आहे?" तू असंच म्हणायचास.

तिने मलाच बसवलं कामाला. हात विसरले नव्हते. एक हजारात एक असं पातळ केलं, तेच प्रमाण, तुझ्या वहीतलं. तिची वहीसुद्धा हल्ली संगणकात आहे, त्यामुळे मी आकडा तोंडपाठ सांगितला तेव्हा तिला फार कौतुक वाटलं. अठरा तुकडे केले. शेजारी आजकालची विकतची अँटिबॉडीही लावली, पडताळा म्हणून.

अठराच्या अठरा. निरोगी पेशींभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी तपकिरी जाळी, आणि गाठ कोरी. विकतच्या अँटिबॉडीनेही तेच दाखवलं. नोरने पट्ट्या पहिल्यापासून पुन्हा बघितल्या. मग म्हणाली, "तो बरोबर होता." मी म्हटलं, मला माहीत आहे. मग मी प्रसाधनगृहात जाऊन रडले.

तुझं खरं होतं, योरिट. हे मी तुला वेळेवर सांगू शकत होते आणि सांगितलं नाही. तुझं पाचवं प्रकरण मी खाल्लं, आणि कदाचित त्यापुढचं सगळंच. माफ कर असं लिहायचा धीर होत नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी मी पुन्हा लिहून त्रास देणार नाही.

रिन्स्के


मिडलबर्ग, २६ मे २०२४

प्रिय रिन्स्के,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिली तीन मी वर्गात टाचणीने फळ्याच्या मागे लावून ठेवली होती, कारण घरी नेली असती तर लगेच उत्तर लिहिलं असतं, आणि मला तुझं पूर्ण ऐकायचं होतं. मध्येच बोललं की तू विषय बदलून बिस्किटं पुढे करतेस, हे मी विसरलेलो नाही.

आता माझी पाळी. त्या मे महिन्यात अंगणात मी दोर्त्येला पाला घातला, आणि सवयीने तिचा कान उलटा केला. कानात हिरव्या शाईत ३७ गोंदलेलं होतं. शेजारी सशांना आकडे गोंदत नाहीत. मी तिथे खोपट्यासमोर उकिडवा बसून सगळा हिशोब जुळवला. ऑक्टोबरचं रक्त, तपकिरी पट्ट्या, तुझं बैठकीत माझ्याकडे न बघणं. मग आत आलो. हार्म खुर्चीत तिरपा बसला होता, पाठीला उशी लावून, आणि तू त्याच्या ताटातली शतावरी कापून देत होतीस. मी बटाटे मागितले.

बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. माझ्याकडे आणखी चार प्रकरणं होती. मोठेपणा नव्हता त्यात. पहिलं वर्ष मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की ससा दिसला की रस्ता बदलायचो. आणि एक सांगतो, शाळेत मी पाचव्या प्रकरणामुळे गेलो नाही. ओस्टिंगांच्या बिस्किटांमुळे गेलो. तेहतीस वर्षं मुलांना पेशींसारखे एकमेकांचे हात धरायला लावून वर्गभर फिरवतोय, आणि मजेत आहे. तू माझं आयुष्य खाल्लं नाहीस. एवढं मोठं तोंड नाही तुझं.

पण एक गोष्ट आहे. ससा मी तुला केव्हाच माफ केला. डावीकडची रिकामी जागा नाही केली. हातात विद्यापीठाचा राजदंड घेऊन आलेल्या त्या अधिकाऱ्याने दारात विचारलं, "दुसरी साथीदार कुठे?" मी म्हटलं, "फ्लू झालाय." तुझं खोटं मी सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने बोललो. मग पाऊण तास उभा होतो आणि डावा खांदा सारखा गार पडत होता. मी चार महिने वाट पाहिली होती की तू येऊन सांगशील. त्या दिवशीही वाट पाहिली.

मी तुला पोस्टाने प्रबंध पाठवला होता. तू तो उघडलाच नाहीस, हे तुझ्या पत्रांवरून उघड आहे. कपाटात असेल तर काढ. आत विधानांचा सुटा कागद आहे, समारंभात ज्यांवर कुणीही प्रश्न विचारू शकतं ती विधानं. पहिली दहा सोड, शहाण्यासारखी आहेत. शेवटचं वाच, रिवाजाप्रमाणे गमतीचं, अकरावं. समारंभात ओस्टिंगांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "उमेदवाराकडे याला काही पुरावा आहे?" मी म्हणालो, "आहे सर, पण तो या क्षणी गाजर खात असेल." सगळं सभागृह हसलं. ज्या एका माणसाला तो विनोद कळला असता तो फ्लूने घरी होता.

२७ जूनला शाळेत माझा निरोप समारंभ आहे. दुपारी तीन वाजता. रिवाजाप्रमाणे मला दाराशी उभं राहून तीनशे लोकांशी हात मिळवायचाय. भाऊ येतोय, तो उजवीकडे उभा राहतो म्हणालाय.

तुझा,
योरिट


डेल्फझाइल, २ जून २०२४

प्रिय योरिट,

प्रबंध कपाटातच होता, तुझ्या पाकिटात, चिकटपट्टीसकट. स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापला. सुटा कागद खाली पडला आणि टेबलाखाली गेला, मला गुडघ्यांवर बसून काढावा लागला. तिथेच बसून वाचला.

"११. ज्या सशाने स्वतःचं घर शोधलं, त्याच्या रक्तावर विद्यापीठाने हक्क सांगू नये."

चौतीस वर्षं हा कागद माझ्यापासून चार पावलांवर होता. तू मला सगळ्यांदेखत सोडवलं होतंस, आणि मी पाकीट उघडायला घाबरत होते.

टेबलाला धरून उठले. मग हसायला आलं, तुझ्या त्या गाजराचं. मग दुसरं आलं. ते तुला सांगत बसत नाही.

२७ तारखेला सकाळी ८.०४ ची गाडी आहे. दोनदा बदलावी लागेल, म्हणजे मी दुपारी एकच्या आत मिडलबर्गला पोचते. बिस्किटांचा डबा आणते आहे आणि त्याला झाकण लावणार नाही.

तुझ्या समारंभासाठी घेतलेला काळा कोट मी कधी घातलाच नव्हता. आज कपाटातून काढला, बाहीला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच आहे. पुढची बटणं आता लागत नाहीत. तसाच उघडा घालून तुझ्या डावीकडे उभी राहीन.

रिन्स्के